आमच्या घरापुढे निरंक

लॉकडाऊन लागलं तेव्हा आईच्या ऑपरेशनला सहा दिवस उरले होते. छातीतली गाठ कॅन्सरची निघाली होती आणि अकोल्याच्या दवाखान्यानं तारीख दिली होती. आम्ही नांदगाव खंडेश्वरकडच्या एका खेड्यात, म्हणजे अमरावती जिल्ह्यात. आईनं पिशवीसुद्धा भरून ठेवली होती. मग फोन आला, सध्या ऑपरेशनं बंद, कळवू.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. शाळा बंद, पण आम्हाला मोकळं कोण सोडतंय? घरोघरी जाऊन विचारायचं, ताप आहे का, खोकला आहे का, बीपी, शुगर, कॅन्सर, काही जुना आजार? कोणी धड सांगत नसे. आजार सांगितला की गाडी येते आणि माणसाला उचलून नेते, अशी गावभर आवई उठली होती. विलगीकरणात नेऊन ठेवायचे ते माझ्याच शाळेत, आणि तिथले संडास कसे आहेत ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. तरी लोक लपवतात म्हणून मी चिडायचे. खोकत खोकत ‘काई नाई’ म्हणणाऱ्या एका म्हाताऱ्याला तर मी चांगलंच झापलं होतं.

संध्याकाळी आमच्या घराचा फॉर्म भरायला घेतला. आई शेजारी गहू निवडत होती.

"काय लिहून राहिली वं?"

"तुझा आजार."

"नोको लिहू. मले शाळेत नेऊन टाकतीन. मंग तिथं एकटी मरू काय?"

मी तिला समजवायला हवं होतं. पण मीही घाबरले होते. आजाराच्या रकान्यात निरंक लिहिलं आणि खाली सही केली.

मे महिन्यात दवाखान्यातून फोन आला. मोजकी ऑपरेशनं सुरू केलीत, चार दिवसांत या. जिल्हा ओलांडायला पास लागायचा, तो गंभीर आजाऱ्यांनाच मिळे आणि तहसीलमध्ये आधी सर्वेक्षणाची यादी बघत. मी आईची फाईल घेऊन धावले. तिथल्या बाबूनं यादी माझ्यापुढे सरकवली.

"मॅडम, तुमच्या घरी तं कोणीच आजारी नाई. सही तुमचीच हाय ना?"

माणूस वाईट नव्हता. यादी दुरुस्त करून आणा, लगेच पास देतो म्हणाला. दुरुस्तीला बारा दिवस लागले. तोवर दवाखान्याचा तो मजला कोरोनाच्या पेशंटसाठी घेतला होता.

पुढची तारीख दिवाळीनंतर मिळाली. डॉक्टरांनी पुन्हा तपासण्या केल्या आणि आता ऑपरेशनचा उपयोग नाही म्हणाले. आजार लिव्हरपर्यंत गेला होता. मे महिन्यात आलो असतो तर, असं मी विचारलं.

"ताई, त्याचा आता विचार करू नका," ते फाईलकडे बघत म्हणाले.

मी दुसरा कसला विचार करणार होते?

परतताना गाडीत आईनं माझा हात धरला. "काहून रडून राहिली? मीनंच सांगतलं ना तुले." तिनं मला बोल लावला असता तर बरं झालं असतं. तिची माफी मला सोसवली नाही, अजून सोसवत नाही.

होळीच्या आधी ती गेली.

महिन्याभरात सर्वेक्षणाची नवी फेरी आली. तो म्हातारा पुन्हा ‘काई नाई’ म्हणाला. या वेळी मी त्याच्या दारात बसले आणि आईचं सगळं सांगितलं. मग त्यानं आपला खोकला लिहून घेऊ दिला.

आमचं घर मी शेवटी ठेवलं होतं. आजारी व्यक्ती, असा रकाना होता. मी निरंक लिहिलं. या वेळी ते खरं होतं.