बिनतोफेची गाडी

शेवटच्या रविवारी खेळात माझा लाकडी रणगाडा वाळूतल्या नाल्यात अडकला होता. दाजींनी त्यांच्या मोठ्या गाडीची तार सोडून तिचा आकडा रणगाड्याला लावला, तेवढ्यात ताईने चहाला हाक मारली. चहा आणि गप्पांत मंचरला जाणाऱ्या एस.टी.ची वेळ झाली. "ऱ्हाऊ द्या मेव्हणीबाई, पुढच्या रविवारी वढू. नाला कुठं पळून चाललाय?" दाजी म्हणाले. बुधवारी दुपारी माझ्या शिवणवर्गात फोन वाजला. ताई होती. "हे कांद्याच्या चाळीत खुर्चीवर बसल्यात गं... मी हाका मारतीय, उठंनात." त्यांच्या मागे केलेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमालाही आता काही आठवडे झाले. पण दाजींचं नाव निघालं की अजून मला पहिल्यांदा तो नालाच दिसतो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. निमगाव साव्यात त्यांना सगळे हवालदार म्हणत. लष्करात त्यांनी उभा जन्म क्रेनगाडी चालवली. वाटेत बंद पडलेली, दरीत कलंडलेली वाहनं ओढून आणायची, हे त्यांचं काम. तिथे सरावाआधी साहेबलोक जमिनीवर वाळूचा मुलूख उभा करत, त्यात डोंगर, नद्या, पूल मांडत आणि काठीने इवल्या गाड्या सरकवत. ती वाळू चाळायचं काम दाजींकडे असे. नव्वदच्या सुमाराला पेन्शनवर आले ते हे वेड घेऊनच. दिवाळीनंतर कांद्याची चाळ रिकामी झाली की ते आत फळ्या टाकत, त्यावर कुकडी नदीची वाळू पसरत, आणि आमची लढाई सुरू होई. रणगाडे बाभळीच्या लाकडाचे. सैनिक मात्र कुंभाराचे, पोरांच्या दिवाळीतल्या किल्ल्यांवरून उरलेले मावळे. ढाल-तलवार घेतलेला फेटेवाला गडी रणगाड्यातून डोकं काढून उभा असे आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नसे. फासा टाकायचा, पडेल तेवढं पुढे जायचं. समोर खेळायला जुन्नरहून युनूसभाई येत. त्यांचं पत्र्याच्या डब्यांचं आणि गळक्या भांड्यांना डाग द्यायचं दुकान होतं. तिसरी मी.

मी त्यात कशी आले, तेही सांगायला हवं. कळंबला माझं लग्न झालं होतं, ते टिकलं नाही. त्याबद्दल इथे एवढंच पुरे. आई-वडील नव्हते. एक दिवस दाजी भाड्याचा टेम्पो घेऊन दारात उभे राहिले. सासरच्यांनी बराच आरडाओरडा केला. दाजी पाणी प्यायले आणि मला म्हणाले, "सामान कुठलं ते दाव." येताना नारायणगावात टेम्पो थांबवून चहा पाजला. मी मान खाली घालून बसले होते. ते काही विचारतील म्हणून मी घाबरले होते, तर विचारलं ते हे, की "तुझी शिलाई मशीन आवाज लई करती का गं? पट्टा ढिला आसंल." बास. पुढचे महिने घरी येणारा प्रत्येकजण चपला काढता काढताच "परत कधी जायचं?" म्हणून विचारायचा. परत जायचं की इथेच उभं राहायचं, हे माझं मलाच ठरवता येत नव्हतं. पाहुण्यांना टाळायला मी चाळीत जाऊन बसायची. तिथे दाजींनी माझ्या हातात फासा दिला.

त्यांच्या खेळात एक नियम मात्र साहेबलोकांचा नव्हता. तिकडे म्हणे उडालेली गाडी हाताने उचलून बाजूला ठेवत. दाजींना ते अजिबात पसंत नव्हतं. "वरनं आभाळातनं कुणाचा हात येतो का? जिथं बंद पडली तिथंच ऱ्हाणार. आनायची आसंल तर वढून आना." त्यामुळे व्हायचं काय, की थोड्या वेळात सगळे रस्ते मेलेल्या रणगाड्यांनी तुंबून जायचे, पूल अडायचा आणि कुणीच जिंकायचं नाही. ताई केरसुणी घेऊन दारात यायची. "उचला की ती खेळणी! कांद्याच्या जागंत कसला बाजार मांडलाय ह्यो!" यावर उपाय म्हणून दाजींनी ओढणारी गाडी बांधायला घेतली.

तिची कसोटी एकच, त्या गाडीने सगळ्यात जड रणगाडा नाल्यातून ओढून काढला पाहिजे. ठरली होती वीतभर, पण एकेक भाग वाढत गेला आणि ती कोकराएवढी झाली. युनूसभाईंनी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून अंग केलं. चाकं जुन्या स्लीपरच्या तळव्यांची, आस छत्रीच्या काड्यांचे, तार सायकलच्या ब्रेकची. तार गुंडाळायला दांडा हवा होता, तो ताईच्या शेवयाच्या मशीनचा गायब झाला. त्या उन्हाळ्यात ताई शेजारणीकडे शेवया करायला गेली आणि आठवडाभर नवऱ्याशी बोलली नाही. रंग द्यायचं काम माझं. मी विचारलं, "दाजी, तोफ कुठे बसवायची?" ते म्हणाले, "हिला तोफ न्हाई." इतकी अगडबंब गाडी, आणि तोफ नाही! युनूसभाई हसून म्हणाले, "हवालदारसाहब, मग शत्रू हिला घाबरणार कशाला?" "घाबराया कुणी सांगितलंय?" दाजींनी ऐकून घेतलं नाही. उलट माझ्याकडून रेक्झिनचे तुकडे मागून घेतले आणि चालकाच्या मागे एक लांब बाकडं बसवलं. गादीवर छान टीप मारून घेतली. खेळात त्या बाकड्याचा काहीच उपयोग नव्हता. "हे कशाला?" "बसाया." "कुणाला?" "येईल त्याला." मी चिवट आहे, पुढे कितीदा तरी विचारलं. दरवेळी हेच उत्तर.

पहिल्या दिवशी मोठी गंमत झाली. नाल्यातल्या रणगाड्याला आकडा लावला, दाजी ऐटीत दांडा फिरवू लागले, आणि रणगाडा जागचा हलला नाही. गाडीच घसरत घसरत नाल्याकडे निघाली आणि त्याच्या उरावर जाऊन पडली. युनूसभाई खुर्चीवरून पडायचे बाकी होते. दाजींनी कपाळावर हात मारला. खऱ्या क्रेनगाडीला मागे लोखंडी फाळ असतो, ओढण्याआधी तो जमिनीत रोवायचा असतो. उभा जन्म ज्यांनी तो रोवला, ते तो बसवायचंच विसरले होते! मग मोडक्या खुरप्याचं पातं मागे डकवलं. "वढायच्या आदी आपली गाडी घट्ट करायची आस्ती," ते मला म्हणाले, "न्हाईतर दोघंबी खड्ड्यात." पुढच्या खेपेला रणगाडा वाळू उधळत वर आला तेव्हा मी लहान पोरीसारख्या टाळ्या पिटल्या. कळंब सोडल्यापासून मी पहिल्यांदा हसले होते, हे ताईने मला नंतर सांगितलं.

परत मी गेले नाही. मंचरला एक खोली घेतली, मशीन मांडलं, वर्ग सुरू केला. सुरुवातीला दोनच मुली होत्या, आता मशीनं लावायला जागा पुरत नाही. दर हिवाळ्यात रविवारी निमगावला जायचं आणि दाजींशी भांडभांड भांडून खेळायचं, हे मात्र इतकी वर्षं चुकलं नाही.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी युनूसभाई भेटले. मी त्यांनाही विचारलं, ते बाकडं कशाला होतं हो? ते म्हणाले, "तुमाला म्हाईत न्हाई, बाई? ज्याची गाडी बंद पडली त्यो कुठं बसणार? हवालदारसाहब सांगायचे, त्यो गडी लई शरमलेला आसतो, मान वर करत न्हाई. त्याला वर घ्यायचा, मागच्या बाकड्यावर बसवायचा, च्या पाजायचा. गाडी कशी पडली, ते इचारायचं न्हाई." मला नारायणगावचा चहा आठवला. लोकांसमोर रडायचं नाही असं मी ठरवून गेले होते... ते काही जमलं नाही.

परवा पुन्हा गेले. नवा कांदा काढून अंगणात पडलाय, चाळ मोकळी करायची होती. फळ्यांवर सगळं तसंच होतं. माझा रणगाडा नाल्यात, त्याला लागलेला आकडा, पलीकडे ती मोठी गाडी, आणि खुर्चीवर दाजींची टोपी. सगळं पाटीत भरावं म्हणून मी रणगाड्याकडे हात नेला.

"हात नको लावू," मागून ताई म्हणाली. जिने इतकी वर्षं या खेळण्यांपायी घर डोक्यावर घेतलं, ती ताई. हातात दोन कप होते. "दांडा फिरीव. आदी फाळ रोव, इसरशील."

मी फाळ रोवला. दांडा फिरवला. तार ताणली, वाळू ढासळली, रणगाडा हळूहळू काठावर आला. त्यातला फेटेवाला मावळा मी काढला आणि बाकड्यावर बसवला. ताईने दाजींची टोपी उचलून मांडीवर घेतली, खुर्चीत बसली, आणि आपला कप त्या मावळ्याच्या शेजारी टेकवला.

"बसू दे त्याला जरा," ती म्हणाली. "कांदा उंद्या भरू."