चुईची जागा

टेपवर टाळ्या पडत होत्या आणि बेतो स्टेजवरून एकेका वादकाची ओळख करून देत होता. ड्रम्स, बेस, मग बाहो सेक्स्तोवर चुई. पुन्हा टाळ्या. मी टेप थांबवली. ज्या हॉलच्या उद्घाटनाचं हे रेकॉर्डिंग होतं, तो हॉल बांधला गेला तेव्हा चुईला जाऊन बरीच वर्षं झाली होती.

मी टेक्सासमध्ये, ह्यूस्टनजवळच्या एका काउंटीच्या लायब्ररीत स्थानिक इतिहासाचा विभाग सांभाळतो. लोकांच्या मुलाखती रेकॉर्ड करायच्या, जुने फोटो आणि टेप जपायच्या, फोटोत कोण कोण आहे ते शोधून काढायचं, असं हे काम. त्या उन्हाळ्यात आम्ही एका तेहानो बँडवर छोटं प्रदर्शन करत होतो. तेहानो म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या टेक्सासमध्येच राहिलेले मेक्सिकन वंशाचे लोक. त्यांच्या संगीताचा पोल्का ठेका आणि अकॉर्डियन इथल्या जर्मन आणि चेक शेतकऱ्यांकडून आले. त्याला त्यांनी बारा तारांच्या जाड गिटारची जोड दिली, ती म्हणजे बाहो सेक्स्तो. आमच्या बँडचं नाव लॉस अल्गोदोनेरोस, म्हणजे कापूस वेचणारे. सुरुवातीचे चौघे खरोखरच कापूस वेचत असत. आता त्यांची नातवंडं रिफायनरीत इंजिनिअर आहेत, आणि बँड अजून लग्नांत वाजवतो.

आधी वाटलं, कॅसेटवरचं लेबल चुकलंय. तसं नेहमी होतं. पण पुढच्या टेपवरही चुई. त्याच्या पुढच्याही. माझी बॉस डेनीस म्हणाली, मुलगा असेल, इथे बापाचंच नाव मुलाला ठेवतात. चुईला मुलगा नव्हता. मग फोटो पाहिले. जुन्या फोटोंत बाहो सेक्स्तो घेतलेला माणूस उंच आणि मिशीवाला. नंतरच्या सगळ्या फोटोंत एक बुटका, गोल चेहऱ्याचा माणूस. पाठीमागे लिहिलेलं नाव मात्र दोन्हीकडे चुईच.

त्या काळात माझा माझ्यावरच फारसा भरवसा नव्हता. माझी बायको सुमती जाऊन वर्ष व्हायचं होतं. वाचलेलं पान पुन्हा वाचावं लागे. म्हणून मी टेप पुन्हा पहिल्यापासून ऐकल्या आणि मगच बेतोला फोन केला.

बेतो अकॉर्डियन वाजवतो. मूळच्या चौघांपैकी तोच राहिलाय. त्याच्या गॅरेजमध्ये प्रॅक्टिस चालते, तिथेच त्याने मला बोलावलं. मला तो पहिल्या दिवसापासून प्रोफेसर म्हणतो, कारण मी गाण्याच्या वेळीही पाय हलवत नाही.

"बाहोवर कोण आहे?" मी विचारलं.

"चुई."

"चुई तर वारला ना?"

"वारला म्हणजे काय, त्याच्या शवपेटीला खांदा दिलाय मी."

"मग वाजवतं कोण?"

"रेनाल्दो. चुईच्या जागेवर बसतो."

"म्हणजे रेनाल्दो बँडचा मेंबर."

"नाही," बेतो म्हणाला. माझ्याकडे त्याने अशा नजरेने पाहिलं, की हा माणूस लायब्ररीत करतो तरी काय.

मला उलगडा व्हायला दोन कप कॉफी लागली. कापसाच्या काळात माणसं कामासाठी महिनोन्‌महिने दुसरीकडे जात. तेव्हा चौघांनी ठरवलं होतं, की जो जाईल त्याची जागा त्याचीच. दुसरा कुणी येऊन वाजवेल, पण स्टेजवरून नाव घ्यायचं ते गेलेल्याचं. म्हणजे परत आल्यावर त्याला आपली जागा मागावी लागणार नाही. जागा सोडायची ती त्या माणसाने किंवा त्याच्या घरच्यांनी. चुई सैन्यात गेला, तेव्हा त्याची जागा अशीच राखली होती, आणि तो धडधाकट परत आला. पण मेलेल्या माणसाचं काय करायचं, हे कुणी ठरवलंच नव्हतं. घरची म्हणजे त्याची बायको एल्वा. ती काही बोलली नाही. रेनाल्दो जागा राखत राहिला.

दुसऱ्याच दिवशी रेनाल्दोची मुलगी मेलिसा माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. शाळेत शिकवते. वडिलांच्या बोटांना संधिवात झालाय, असं तिने सांगितलं. प्रदर्शनाच्या उद्घाटनाला वाजवायचं आणि मग बाहो ठेवून द्यायचा, असं त्यांनी ठरवलं होतं.

"माझ्या प्रत्येक वाढदिवसाला ते कुठल्या ना कुठल्या लग्नात वाजवत होते," ती म्हणाली. "आणि आता घरी येतील ते कुणीच नसल्यासारखे. तुमच्या भिंतीवर तरी त्यांचं नाव लावा. मी सांगितलं म्हणून सांगू नका."

मी रेनाल्दोलाच विचारलं. तो म्हणाला, "चुई लिहा. मी फक्त राखतोय."

आमच्या कामात एक नियम आहे: माणूस स्वतःला जे म्हणवतो तेच लिहायचं. दुसराही नियम आहे: फोटोत जो दिसतो, त्याचंच नाव खाली द्यायचं. हे दोन नियम एकमेकांच्या आड येतील, असं आम्हाला कुठल्याच कोर्समध्ये शिकवलं नव्हतं. डेनीसला विचारलं, तर ती म्हणाली, "विनय, प्रिंटर थांबलाय. मोठं पॅनल पाठवून दे. कॅप्शन नंतर चिकटवू." कॅप्शन म्हणजे फोटोखालची नावांची पट्टी. ती वेगळी छापून भिंतीला लावता येते. मला तेवढीच सवड मिळाली.

मग मी एल्वाकडे गेलो. तिच्या अंगणात पेकानची झाडं होती आणि दमट उन्हात सगळं निश्चल होतं. तिने मला स्वयंपाकघरात बसवलं. साठी उलटलेल्या मला ती मिहो म्हणत होती, मिहो म्हणजे पोरा. मी कसाबसा प्रश्न विचारला. तिने कपातला चमचा बाहेर काढून ठेवला.

"मला हे कुणीच विचारलं नाही," ती म्हणाली. "आधी त्याचं नाव ऐकलं की बरं वाटायचं. मग नावं घ्यायची वेळ आली की मी पार्किंगमध्ये जाऊन उभी राहायला लागले. वाटायचं, ते प्रेमाने करतायत. मी सोडा म्हटलं, तर म्हणतील, ही विसरली त्याला."

"आणि त्यांना वाटतं, तुम्हाला हवंय."

"बेतोला काय वाटतं, ते बेतोला तरी माहीत असतं का?"

मी काय लिहू, असं विचारल्यावर ती म्हणाली, ते तुझं काम आहे. दारापर्यंत येऊन तिने पेकानची पिशवी हातात दिली.

शुगर लँडला घरी पोचलो तेव्हा हॉलमध्ये सुमतीची पेटी होती तशी होती, वर तिची जुनी ओढणी. आमच्या मराठी मंडळाच्या भजनात ती पेटी वाजवायची. मंडळातल्या कुलकर्णी वहिनींचा फोन दर आठवड्याला येतो. जेवण, तब्येत, मुलगा ट्रॉयहून कधी येणार, सगळं विचारतात. पेटीचं कधीच नाही. भजन हल्ली नुसत्या टाळांवर चालतं, हे मला दुसऱ्यांकडून कळलं होतं.

मी दोन कॅप्शन छापून घेतली. एकावर, बाहो सेक्स्तो: चुई. दुसऱ्यावर, बाहो सेक्स्तो: रेनाल्दो. उद्घाटनाला दोन्ही कोटाच्या आतल्या खिशात होती आणि फोटोखालची भिंत मोकळी होती. डेनीसने ती पाहिली आणि पाहुण्यांना पुढच्या फोटोकडे नेलं.

लायब्ररीचा हॉल भरला होता. दोन गाणी झाली. बेतोने माइक घेतला आणि एल्वा उठली. मला वाटलं, निघाली पार्किंगकडे. ती उलट दिशेला, स्टेजपाशी गेली. बेतो वाकला. ती त्याच्या कानात बोलत राहिली, तो मान हलवत राहिला. मग त्याने ड्रम्सचं नाव घेतलं, बेसचं घेतलं आणि थांबला. सगळ्यांना वाटलं, विसरला.

"बाहो सेक्स्तो," तो म्हणाला. "रेनाल्दो."

टाळ्या पडल्या. रेनाल्दोने मागे वळून पाहिलं, दुसऱ्याच कुणाला बोलावल्यासारखं. मागे पडदा होता. पहिल्या रांगेत मेलिसा चेहरा झाकून बसली होती.

"उभा काय राहिलास," एल्वा खालून म्हणाली. "वाजव."

कार्यक्रम संपल्यावर मी तिला दोन्ही पट्ट्या दाखवल्या. रेनाल्दोची तिने स्वतः भिंतीवर चिकटवली, जराशी तिरकी. चुईची पर्समध्ये टाकली. "ही माझ्या घरच्या भिंतीवर हवी," म्हणाली.

त्या रात्री मी कुलकर्णी वहिनींना फोन केला आणि म्हटलं, पेटी न्यायला या. त्या म्हणाल्या, "भाऊजी, आम्ही विचारणार होतो हो, पण कसं विचारायचं?" पेटी आता त्यांच्याकडे असते. हॉलचा तो कोपरा पाहिला की बरं वाटतं की वाईट, ते मला अजून सांगता येत नाही.

रेनाल्दोने ठरल्याप्रमाणे बाहो ठेवून दिला. बँडच्या इतिहासातला सर्वांत कमी दिवसांचा मेंबर, असं बेतो सगळ्यांना सांगत फिरतो. परवा त्याने नवं रेकॉर्डिंग आणून दिलं. एका लग्नातलं. मी ऐकायला बसलो. ड्रम्स, बेस, मग बाहो सेक्स्तोवर रेनाल्दो. वाजवणारा बेतोचा पुतण्या होता, हे मला माहीत होतं.

मी रेनाल्दोला फोन करून विचारलं, तुझी जागा कधी सोडणार?

"राहू दे थोडे दिवस," तो म्हणाला.

आमच्या मुलाखतीच्या प्रश्नांत "बँडमध्ये कधीपासून कधीपर्यंत होता" असा एक प्रश्न असे. तो मी काढून टाकलाय. त्याऐवजी विचारतो, तुम्ही कुणाच्या जागेवर बसता, आणि त्यांच्या घरच्यांना कुणी विचारलंय का. उत्तरं लांबतात, टेप जास्त लागते. डेनीसची तक्रार नाही.