कॉसमॉसला घातलेली भरणी

"हे काय केलंत, आप्पा?"

"काय केलंय? जोरदार आलंय की!"

जोरदार आलंच होतं. कोडोलीजवळच्या माळावर आप्पांनी नवं घर बांधलंय. त्याच्या दारात कॉसमॉस माझ्या खांद्याला लागला होता. पानं हिरवीकंच. फूल मात्र एकही नव्हतं. कळीसुद्धा नव्हती. आणि आप्पांच्या मुलीचं, सईचं, लग्न महिन्यावर आलं होतं.

मी कोल्हापुरात बागा करून देते. कार्डावर 'लँडस्केप कन्सल्टंट' छापलंय. घरचे माळीण म्हणतात, आणि ते जास्त बरोबर आहे. सईनं मला दिवाळीनंतर बोलावलं तेव्हा तिचा हट्ट एकच होता. लग्न दारात, आणि मांडवाला फुलं दारातलीच. आप्पांच्या मनात वेगळं होतं. सिंहासन, धुराचं मशीन आणि सोंडेतून पाकळ्या उडवणारे फायबरचे दोन हत्ती. शेवटी बापलेकीत तह झाला. लग्नाच्या आठवडाभर आधी बाग फुललेली दिसली तर सईचं खरं. नाही तर हत्ती.

माळावर दिवसभर ऊन, पाणी बेताचं. म्हणून मी गलांडा, झिनिया आणि केशरी कॉसमॉस निवडले. ही हंगामी फुलं. बी पेरायचं, दोन-अडीच महिन्यांत फुलतात, बी धरतात आणि संपतात. थोडी तहान लागली की उलट लवकर फुलतात. आपलं काही खरं नाही, बी तरी करून ठेवू, असा झाडाचा हिशेब असावा. रोपं वीतभर झाली की पाणी तोडा आणि खत अजिबात देऊ नका, असं मी आप्पांना बजावलं होतं. त्यांनी मान डोलावली होती. मला तो होकार वाटला.

मी वाफ्यात वाकून पाहिलं. प्रत्येक ओळीच्या बुडाशी दोन्ही बाजूंनी माती ओढून चढवलेली. याला भरणी म्हणतात. ऊस वाढीला लागला की खत घालून अशी माती लावतात, आणि आप्पा पक्के ऊसवाले. कॉसमॉसला भरणी घातलेली मी आयुष्यात प्रथमच पाहत होते.

"युरिया किती घातलात?"

"थोडा."

"उसाचा थोडा की फुलांचा थोडा?"

आप्पा जोतिबाच्या डोंगराकडे बघायला लागले.

"आणि पाणी?"

"उसाला सोडतो तवा ह्यास्नी बी सोडतो. आवो मॅडम, पोरीच्या लग्नाची फुलं ती. उपाशी ठिवू व्हय?"

युरियातल्या नत्रानं पाला वाढतो, आणि पोट भरलेलं झाड फुलांच्या भानगडीत पडत नाही, हे मी सांगितलं. आप्पांना पटलं नाही. मग मी त्यांना फाटकाशी नेलं. पेरणीच्या दिवशी पिशव्यांत उरलेलं बी मी तिथल्या मुरमात झटकून टाकलं होतं. पाइप तिथवर पोचत नव्हता, एका अवकाळी सरीवर ते उगवलं होतं. गुडघ्याएवढी काटकुळी झाडं, पण अंगभर लाल-पिवळा गलांडा आणि त्यावर मधमाश्यांची गर्दी.

आप्पा कमरेवर हात ठेवून बघत राहिले. "ह्यास्नी कोण खत घालतंय?"

"कोणी नाही."

"पाणी?"

"तेही नाही."

"आयला!"

त्याच दिवशी आम्ही चढवलेली माती मागं ओढली. बगलफुटी व्हावी, म्हणजे बाजूनं फांद्या फुटाव्यात, म्हणून शेंडे खुडले. पाणी बंद केलं. सईनं बागेच्या व्हॉल्व्हची मूठच काढून पर्समध्ये टाकली. बापाला ती माझ्यापेक्षा जास्त ओळखत होती.

मग रोज दुपारी फोन.

"मॅडम, माना टाकल्यात."

"संध्याकाळी उचलतात का?"

"उचलत्यात."

"मग तुम्हीही झोपा जरा."

एकदा सईचा फोन आला. "आप्पा तांब्या घेऊन बागेत सापडले. तोंड धुवायला आलोय म्हणतात."

"धुतलं का?"

"मी समोर उभी राहून धुवायला लावलं."

त्यानंतर फोन थांबले. मला धास्ती वाटली. झाडं वाळली असणार, किंवा आप्पांनी दुसरी मूठ आणली असणार. मग एका सकाळी आप्पांचाच फोन.

"हत्तीवाल्याला नगं म्हणून कळवलंय."

"का हो?"

"का म्हंजे? येऊन बघा की!"

गेले. वळणावरूनच केशरी रंग दिसला. खुडलेल्या प्रत्येक शेंड्याखाली फांद्या फुटल्या होत्या आणि प्रत्येक फांदीला फूल होतं. सई वाफ्यात उभी राहून नुसती हसत होती. आप्पा आल्या-गेल्याला चहाला थांबवून बाग दाखवत होते.

लग्नात मांडवाला दारातलीच फुलं लागली. करवल्यांनी केसांत माळली, तरी वाफे भरलेलेच. नवऱ्यामुलाच्या मामांनी आप्पांना गाठलं.

"पावणं, डेकोरेटर कुठला म्हणायचा?"

"घरचाच. मीच की."

"काय केलं काय एवढं?"

"काय बी न्हाय," आप्पा म्हणाले. "पर लई जड गेलं."

हल्ली ऊसवाल्यांच्या बागेचं काम घेताना मी माती नंतर बघते. व्हॉल्व्हची मूठ घरात कोणाच्या पर्समध्ये राहील, ते आधी विचारते.