आमचं कळंब

सातवीत शाळा सुटली आणि लातूरकडचं गाव सोडून मी हिंजवडीत आलो. कंपन्यांतल्या पोरांची मेस चालवणाऱ्या काकूंनी मला पोळ्यांवर ठेवलं, राहायला माळा दिला आणि पुढं माझ्या लग्नाचंही त्यांनीच मनावर घेतलं. एवढं परक्यासाठी कोण करतं?

मुलगी लोणी काळभोरची. चहा देताना तिनं हळूच विचारलं, "घरी पण लाटाल का पोळ्या?" मी हो म्हणालो. ती हसली, आणि मला वाटलं, जमलं.

तेवढ्यात तिचे चुलते म्हणाले, "आडनाव कळलं, गाव कळलं. देवक कंचं हाय?"

आमच्या कुळाचं झाड कोणतं, लग्नात मांडवाला कशाची फांदी पूजतात, मला ठाऊक नव्हतं. वडील मी लहान असतानाच गेलेले.

"अहो, मुलगी द्यायचीय की झाड लावायचंय?" काकू म्हणाल्या.

"देवक एक निघालं तर भाऊबहीण लागत्यात, बाई."

एसटीडीवरून आईला विचारलं. "कळंब," ती म्हणाली. खरं सांगतो, ऐकून ऊर भरून आला. आडनाव म्हणजे हजेरीत हाक मारण्यापुरतं, असंच मी धरून चाललो होतो. त्याच्यामागं एक झाड उभं होतं. त्याच भरात लोणीला जाऊन सांगितलं.

चुलत्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "आमचं बी कळंबच."

काकू भांडल्या. मीही म्हणालो, कुठं लातूर, कुठं लोणी, नातं कसलं? शेवटी आईला फोन लावला. तिनं तरी माझी बाजू घ्यावी. ती म्हणाली, "नको रे बाबा. बहीण लागती ती."

पुढं तिचं दुसरीकडं जमलं. चुलते मेसवर आले. त्यांच्याकडचा कळंब रस्ता रुंदीकरणात गेला होता. "इथं कंपनीच्या आवारात हाय म्हणत्यात. तू तर घरचाच. फांदी आणशील?"

काकूंनी त्यांना जेवायला वाढलं. माणूस आशेनं एवढ्या लांब आलेला. नाही कसं म्हणायचं?

वॉचमनला विचारून फांदी तोडली, ओल्या फडक्यात गुंडाळून बसनं लोणीला नेली. बायकांनी फांदीला हळदकुंकू लावलं, मी मांडवाच्या खांबाला बांधायला घेतली. हळदीच्या अंगानं ती आली आणि देवकाच्या पाया पडली.

"भावाच्या पण पड गं," कुणीतरी म्हणालं.

ती वाकली. माझे हात दोरीत होते. मी गाठ आवळत राहिलो.