‘खराब’ शेऱ्याची सतरा हृदयं

वैद्यकीय कॉलेजात मुडदे नि अवयव सांभाळणाऱ्या त्या परिचराला सगळे तिखटमामा म्हणायचे. तोंडच तसं होतं. एखाद्या पोरानं हृदय नीट धरलं नाही, की खेकसायचे, “बटाटा आहे का तो? ठेव खाली!” मी तिथे नवी शिक्षिका, मलाही त्यांनी सोडलं नाही. पहिले सहा महिने मला त्यांचा रागच यायचा.

पण हात! हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या चरबीतून अलगद सोडवाव्यात त्या मामांनीच. पुस्तकात एक डावी, एक उजवी. माणसं कुठे पुस्तक वाचून जन्माला येतात? कुणाची उजवीसुद्धा डावीकडूनच निघायची, कुणाला मुळात एकच. असं हृदय मिळालं की मामा ते बरणीत घालून मागच्या फळीवर ठेवत आणि वहीत लिहीत, ‘खराब’. वहीत रकानेच दोन, चांगले नि खराब. चांगलं लिहिलं की पोरं हाताळून चिंध्या करत. खराबला कुणी शिवत नसे. तीस वर्षांत सतरा बरण्या वाचल्या. ही युक्ती त्यांनी फक्त मला सांगितली होती.

मग नवे विभागप्रमुख आले. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला माणूस. तपासणी तोंडावर आली तशी त्यांनी वही चाळली आणि सगळे खराब नमुने आजच्या आज जाळा म्हणाले.

“साहेब, खराब नाहीत, वेगळी आहेत.” मामांनी एक बरणी छातीशी धरली. “हा एकवीस वर्षांचा पोरगा, पळता पळता गेला. ही धमनी भलतीकडून निघून दोन मोठ्या वाहिन्यांच्या मधून गेलीय. पळताना चेपते. हे पोरांनी बघायला नको?”

“वहीतलं अक्षर कुणाचं?”

“माझंच.”

“मग बोंब कुणाच्या नावानं मारताय?”

मामांनी माझ्याकडे पाहिलं. माझं एक वाक्य पुरलं असतं. पण माझी नोकरी कायम व्हायची होती.

“मॅडम, घ्या ती बरणी त्यांच्याकडून,” प्रमुख म्हणाले. मामा सोडेनात. मी दोन्ही हातांनी ओढून घेतली.

आता विभागप्रमुखांच्या खुर्चीत मी बसते. ती धमनी फळ्यावर खडूनं काढून शिकवते. कुणीतरी विचारतंच, “मॅडम, तुम्ही प्रत्यक्ष पाहिलीय?”

“एकदाच,” मी म्हणते आणि फळा पुसते.