आवक शिक्क्याची पत्रं

राज्यपालपदावरून उतरताना आमच्या ह्यांनी राजभवनातला एक चमचासुद्धा घरी आणला नाही. नातेवाइकांना हे पाठ आहे, कारण हे स्वतःच दर लग्नकार्यात ते ऐकवतात. आणले ते फक्त स्वतःचे कागद: भाषणांचे खर्डे, टिपणं आणि पत्रव्यवहार, सगळा पेट्यांत भरलेला. बंगला बिल्डरला दिला आणि आम्ही सिंहगड रस्त्यावरच्या फ्लॅटमध्ये आलो, तेव्हा त्या पेट्यांना जागाच उरली नाही. ह्यांनी त्या एका संस्थेच्या अभिलेखागाराला देऊन टाकल्या. मी म्हटलं, सुटलो एकदाचे!

तर एका सकाळी चहा घेता घेता हे सहज म्हणाले, "तुझी पत्रंही गेली हं त्यात."

"माझी? कुठली?"

"राजभवनात पाठवायचीस ती. आवक शिक्का आहे त्यांच्यावर. शिक्क्याचा कागद म्हणजे दप्तराचा कागद, तो घरच्या पत्रांत मिसळायचा नाही असं मी ठरवलं होतं. आता ती मंडळी सगळं स्कॅन करून कॉम्प्युटरवर घालणार आहेत. जगात कुणालाही वाचता येईल."

कौतुकाने सांगत होते हो! वर बशीतला चहा फुर्रकन ओढला.

अमेरिकेतल्या मुलाला फोन केला, तर तो खूश. "आई, मस्तच की! मला इथे बसून वाचता येईल." म्हटलं, तू तुझं काम कर बाबा.

कुणी वाचू नये असं त्यात एकच पत्र होतं. हे राज्यपाल होऊन देशाच्या पार दुसऱ्या टोकाला गेले तेव्हा सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या आणि माझी शाळेतली नोकरी होती. "तू इथलं बघ," असं म्हणून हे एकटेच गेले. बरोबर पुण्याचेच एक स्वीय सहायक. रविवारी फोन यायचा, पण सरकारी फोनवर घरगुती गप्पा ह्यांच्या तत्त्वात बसत नव्हत्या. म्हणून मी पत्रं लिहायची, चांगली भरभरून. ह्यांची उत्तरं चार ओळींची. पुढे सासूबाई गेल्या, मुलगा हॉस्टेलवर गेला आणि एवढ्या मोठ्या बंगल्यात मी एकटी उरले. तेव्हा ते पत्र लिहिलं. संध्याकाळ झाली की घर खायला उठतं, इथे जीव रमत नाही, तुम्ही एकदा नुसतं 'ये' म्हणा, शाळा सोडून येते. असं सगळं.

त्याला उत्तरच आलं नाही. फोनवर मी विचारलं नाही. एकदा पदर पसरला, पुन्हा पसरायचा? ह्यांनी वाचलं आणि सोडून दिलं, हे मनाशी धरूनच मी पुढचा संसार केला. आणि आता ते पत्र जगाने वाचायचं? राज्यपालांची बायको कशी गयावया करत होती ते?

मला चैन पडेना. पोळी तव्यावर टाकायची आणि खिडकीशी जायचं. खाली आयटीवाल्यांच्या बसमागे पोरंपोरी धावत असायची, गळ्यातली ओळखपत्रं हलवत. पोळी करपायची. हे म्हणायचे, "आज लक्ष कुठे आहे तुझं?" शेवटी माझी पत्रं परत आणते, असं ह्यांना सांगून रिक्षा केली आणि अभिलेखागार गाठलं.

तिथल्या प्रमुख बाई अस्सल पुणेरी. "परत मिळणार नाहीत," त्या म्हणाल्या. "साहेबांनी दानपत्रावर सही केलीये."

"अहो, पत्रं माझी आहेत."

"लिहिलीत तुम्ही. पण पाठवलीत ना?"

कपाळ माझं! मग त्या जरा निवळल्या. खाजगी मजकूर आहे, माझ्या हयातीत कुणाला दाखवू नये, असा अर्ज मी दिला तर तेवढी पत्रं बंद ठेवता येतील, म्हणाल्या. कुठली ते मात्र मी ओळखून द्यायचं. आणि कागद बघायचे तर वाचकाचा फॉर्म भरायचा. 'अभ्यासाचा विषय' या रकान्यात मी लिहिलं, संसार. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं, पण फॉर्म घेतला.

पेटी आली. प्रत्येक पत्रावर निळा आवक शिक्का, आणि वर टाचणीने लावलेली एक चिठ्ठी. स्वीय सहायकांचं अक्षर, मोत्यासारखं. "मातोश्रींचा खोकला कमी. चिरंजीवांची परीक्षा सुरू." खाली ह्यांची आखूड सही. मला काही उमगेना. बाईंनी सांगितलं, "साहेबांच्या सगळ्याच टपालाला अशी चिठ्ठी आहे. सहायक फोडून वाचायचे आणि सारांश काढायचे. साहेब सारांश बघून सही करायचे."

म्हणजे ह्यांच्या त्या चार ओळी माझ्या पत्राला नव्हत्याच. त्या चिठ्ठीला होत्या! मला हसू फुटलं. पलीकडच्या टेबलावरचा वाचक दचकून बघायला लागला.

मग ते पत्र हाती आलं. वरची चिठ्ठी: "घरी सर्व क्षेम. उत्तराची आवश्यकता नाही." खाली सही.

त्या सहायकांनी तरी बिचाऱ्यांनी काय लिहावं? सौभाग्यवतींना करमत नाही, त्यांना बोलावून घ्यावे, असं साहेबांपुढे ठेवायचं? लाजले असतील. पण ह्यांनी पत्र वाचलंच नव्हतं. इतकी वर्षं मी ज्या नकारावर रुसून बसले होते, तो नकार कुणी दिलाच नव्हता. मला रडू आलं. चांगलं हुंदके देऊन रडले, लोकांसमोर. बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला, आणि पेटी जरा लांब सरकवली. कागद ओले व्हायला नकोत.

थोड्या वेळाने त्यांनी अर्जाचा कागद पुढे ठेवला. "हेच पत्र ना बंद ठेवायचं?"

"नको," मी म्हटलं. "सगळी स्कॅन करा. चिठ्ठ्यांसकट."

"नक्की?"

"नक्की. कुणीतरी पूर्ण वाचू दे."

घरी आले तर हे आरामखुर्चीत पेपर वाचत होते. "मिळाली का परत?"

"नाही."

"मिळणारच नाहीत. नियम तो नियम." मग पेपर जरा खाली घेऊन म्हणाले, "पण काय गं, एवढं होतं तरी काय त्यात?"

पहिल्यांदा विचारत होते. सगळं ओठांवर आलं होतं.

"घरी सर्व क्षेम," मी म्हटलं. "उत्तराची आवश्यकता नाही."

"बरं," हे म्हणाले आणि त्यांनी पान उलटलं.