डाळिंबाच्या भावाची रेघ

मी बारामतीच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या स्टोअरमध्ये नोकरी करतो आणि दुपारचा डबा एका हातानं खातो, कारण दुसऱ्या हातात मोबाईल असतो. मोबाईलवर शेअरच्या भावाचा चार्ट. त्यावर मी दोन रेघा लावून ठेवल्यात. एक थोड्या दिवसांच्या सरासरीची, ती छोटी; दुसरी बऱ्याच दिवसांच्या सरासरीची, ती मोठी. भाव पडत असले की छोटी रेघ मोठीच्या खाली राहते. ती खालून येऊन मोठीला कापून वर गेली, की पडझड संपली, भाव फिरला असं धरायचं. एवढंच माझं ज्ञान, तेही व्हिडिओ बघून मिळवलेलं. दोन-तीनदा ते लागू पडलं आणि मला शिंगं फुटली.

ती शिंगं मी पहिल्यांदा दाखवली थोरल्या भावाला. दादा कळंबला शेती बघतो. एकदा आम्ही दोघं भिगवणला मासे खायला गेलो होतो. चिलापीचे काटे काढता काढता मी त्याला रेघांचं सगळं समजावून सांगितलं. त्यानं मन लावून ऐकलं, मग विचारलं, "ह्ये डाळिंबाला चालतं का?"

मला माहीत नव्हतं. तसं म्हणायला काय जात होतं? पण मी म्हणालो, "भाव म्हणजे भाव दादा. कशालाबी चालतं."

आमच्या शिवारात जिकडं बघाल तिकडं ऊस. दादानं तो मोडून डाळिंब लावलं तेव्हा लोकांनी त्याची भरपूर टिंगल केली. वहिनींनी घरोघरी फिरून जुन्या साड्या मागून आणल्या आणि उन्हानं फळं भाजू नयेत म्हणून झाडांवर पांघरल्या. रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटावं, गावभरचं धुणं इथंच वाळत घातलंय. आधीचे बहार जेमतेमच गेले होते. त्या वर्षी मात्र फांद्या वाकल्या. दादानं पारावर सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "अवंदा जमलं तर बाग ऱ्हायली. न्हाय जमलं तर पुन्हा ऊस."

मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बाजार समितीचे डाळिंबाचे रोजचे दर भरू लागलो आणि त्यावरही दोन रेघा काढल्या. साहेबांना वाटायचं, मी स्टोअरचा हिशेब करतोय.

आमच्याकडं डाळिंबाचा सौदा बागेतच होतो. व्यापारी येतो, एक फळ कापून बघतो, चहा होतो. दर पटला की पहिल्या झाडापाशी नारळ फुटतो आणि व्यापारी विसार देतो. नारळ फुटल्यावर कुणीच शब्द फिरवत नाही. त्या दिवशी व्यापारी बांधावर बसला होता, नारळ दादाच्या हातात होता, आणि दादानं मला फोन लावला. माझी जेवणाची सुट्टी होती.

"व्यापारी आलाय. दर बरा देतोय. नारळ फोडू का थांबू? तुजी रेघ काय म्हनती?"

मी चार्ट उघडला. छोटी रेघ मोठीच्या अगदी जवळ आली होती, पण तिनं मोठीला कापलं नव्हतं. कापलं नाही तर काही बोलायचं नाही, हा पहिला नियम. मी तो सांगणार, एवढ्यात पलीकडून व्यापाऱ्याचं हसणं ऐकू आलं. "आवो, मोबाईलवर कुटं डाळिंब पिकतं व्हय?"

माझं डोकं सटकलं. त्याला ऐकू जावं म्हणून मी मोठ्यानं म्हणालो, "दादा, भाव फिरलाय. रेघ कापलीय. आठवडाभर थांब."

दादानं व्यापाऱ्याला नुसत्या चहावर वाटेला लावलं. त्या नारळाची वहिनींनी चटणी केली.

आठवडा सरायच्या आत परतीचा पाऊस आला, आणि चांगला मुक्कामालाच आला. शेअर आठवडाभर ठेवला तर तो शेअरच राहतो. पिकलेल्या डाळिंबाला पाणी लागलं की ते फुटतं, हे मी परसातल्या झाडावर लहानपणापासून बघत आलोय. तरीही त्या दुपारी मला ते आठवलं नाही. मागोमाग तेल्या रोग आला, फळांवर काळे डाग पडले. मी रविवारी गेलो तेव्हा भिजलेल्या साड्या झाडांना चिकटून बसल्या होत्या आणि खाली फुटक्या फळांवर माश्या घोंगावत होत्या. वहिनी क्रेट भरून फळं उकिरड्यावर नेत होत्या. मला बघून त्या थांबल्या. "भावजी, च्या ठिवू का?" एवढंच म्हणाल्या. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

आणि मग भाव खरंच फिरला. ऑफिसात बसून मी बघितलं, छोटी रेघ मोठीला कापून सरळ वर निघाली. लाज वाटते सांगायला, पण क्षणभर मला आनंद झाला. मग भाव का वाढला ते ध्यानात आलं. माल बाजारात येतच नव्हता. आमच्यासारख्या कितीतरी बागा पाण्यानं गेल्या होत्या, म्हणून ती रेघ वर चालली होती. मी कॉम्प्युटर बंद केला आणि त्या दिवशी डबा तसाच घरी नेला.

दादा मात्र इंदापूरच्या बाजारात भेटेल त्याला सांगत सुटला, "आमच्या धाकट्यानं आदीच सांगितलं व्हतं, भाव फिरनार. फिरला का न्हाय? पावसाला त्यो काय करनार?" एकदा मी बरोबर असताना वरकुट्याच्या एका पाहुण्यानं मला बाजूला घेऊन कांद्याच्या भावाचं विचारलं. मी काम आहे म्हणून गाडीला किक मारली.

रेघ कापली नव्हती, हे दादाला सांगायचं म्हणून मी किती वेळा कळंबला गेलो असेन. दर वेळी तो आधीच माझं कौतुक सुरू करतो आणि मी चहाबरोबर ते गिळतो.

पुढं जेसीबी आला. बाग निघाली, ऊस लागला. परवा गेलो तेव्हा ऊस गुडघ्याएवढा झाला होता. आम्ही दोघंच बांधावर उभे होतो. आज सांगायचंच, असं ठरवून मी तोंड उघडलं.

"दादा, त्या दिवशी ती रेघ..."

"जाऊ दे रं," त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ऊस बरा. तोड कवा द्यायची त्ये कारखाना ठरवतो, दर बी त्योच ठरवतो. कुनाला काय इचारायचं कामच न्हाय."

तो उसाकडंच बघत होता. तसाच म्हणाला, "आता तुला दुपारचा फोन न्हाय करनार मी. दोन्ही हातांनी जेवत जा."